रेती पलीकडं गेली

कोसारघाट, ता. झरी जामणी
३ नोव्हेंबर २०२५

रामधन,

सुरुवातीले आशीर्वाद लिहाची पद्धत हाये, मले मालूम हाये, सातवीपर्यंत शिकेल हाओ मी. पण आशीर्वाद घ्याले माणसानं दिवाळीत घरी याव लागते. तू आला नाही, तं ते इथंच राह्यले.

फोन काहून नाही केला म्हणशीन. फोनवर तू मधात बोलतं. मंग मी बोलते, मंग तू कापतं, मंग तुही समीक्षा पुन्हा फोन लावते आन म्हणते, "ताई, यांचं मनावर घेऊ नका." कागदावर तुले मधात बोलता येत नाही. म्हणून कागद.

आंधी नदीचं सांगते. औंदा पूर तिनदा आला. शेवटचा तं दसरा झाल्यावर आला बाप्पा, कोणाच्या ध्यानीमनी नसताना. पह्यले कसं होतं, दसऱ्याले पैनगंगा उतरे, दिवाळीले रेती उघडी पडे. तुह्या निकिताले हे सांगाले पायजे, नाहीतं हैदराबादेत कोणी विचारलं, तुह्ये लोकं काय करतात, तं पोरगी तोंडाकडं पाहीन. तिले सांग, आपण भोई. पावसाळ्यात मासे धरतो, आन उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या रेतीत डांगराची वाडी करतो. डांगर म्हणजे तिकडचं खरबूज, टरबूज, काकडी. रेती कोणाच्या बापाची नाही, म्हणून दरसाली काठावर उभं राहून काड्या टाकाच्या, ज्याची काडी जिथं निघन त्याची वाडी तिथं. पूर आला का सारं पुसलं, पुढच्या साली नव्यानं. हे तिले मालूम असू दे.

औंदा काड्या टाकल्याच नाही. टाकतीन कुठं? आपल्या काठची सारी रेती पुरानं उचलली आन पल्याड नेऊन टाकली. तेलंगणात! आपल्याकडं काळा गाळ आन गोटे. लोकं म्हणतात गाव सोडून माणसं चालली. अरे, आपल्या गावात तं आंधी जमीन गेली गाव सोडून, माणसं तिच्या मांगून गेली. धर्मपालच्या घराले कुलूप, लखीराम पोरंबाळं घेऊन पुण्याकडं. वावरवाल्याचं वावर खरडलं तं पंचनामा होते, तलाठी येते, फोटो काढते. रेतीवाल्याचं कोण पाहाते? आपल्या नावानं सातबारा थोडाच हाये.

तू दादाले फोनवर सांगतलं, अपार्टमेंटवर वॉचमनची जागा हाये, नवरा-बायको दोघंही पायजे, खोली भेटते, डिसेंबर सरेपर्यंत हो का नाही सांगा. तुह्ये दादा मले म्हणे, "विमल, यंदा वाडी नाही झाली तं जावंच लागन." मी म्हणलं, जा तुमी. ते गेले नाही, मी बसली होती तथीच येऊन बसले. दोघंही नदीकडं पाहत बसलो.

मांगच्या दोन साली वाडी वाहून गेली, म्हणून डब्यात आता जे डांगराचं बी हाये ते तिसऱ्या सालचं. औंदा नाही टोबलं तं पुढं उगवणार नाही. तुह्या मायनं माह्या ओटीत टाकलेलं बी हाये ते. लग्न करून आली तवा तू नागडा फिरे नदीवर, तुले त्याच डांगराच्या फोडी चारून मोठं केलं.

तू गेला त्या दिवशी मी घाटावर काय बोलली ते तुले आठवत असन. मले काही आठवत नाही. वयात असं होते.

मी काही हैदराबादले येत नाही. हे तेवढं पक्कं समज.

तुही वयनी,
विमल

कोसारघाट
१६ नोव्हेंबर २०२५

रामधन,

तुह्यं उत्तर नाही आलं. नको येऊ. मी लिहीनच.

काल डोंगा घेऊन पल्याड गेलती. तुह्ये दादा नाही नाही म्हणत होते. मी म्हणलं, आपलीच रेती हाये, नुसती पाहून येतो, माहेरी गेलेल्या सुनेले भेटाले नाही जात का माणसं?

काय सांगू तुले, रामधन! पांढरी शुभ्र रेती. पाय ठेवला का टाचेपर्यंत जाते, आन खाली हात घातला का ओल. गोटा नाही, गाळ नाही. मी तथीच बसली आन रडली. तुह्ये दादा म्हणे, चाल उठ, लोकं पाहून राह्यले. पाहू दे म्हणलं, माह्या रेतीवर मी रडन नाहीतं नाचन.

तेवढ्यात वरून एक बाई ओरडत आली. पोसव्वा नाव तिचं. माह्याच वयाची, पण आवाज असा का आपल्या गावातल्या कोंबड्या उडतीन. सिरपेल्ली म्हणून त्या काठचं गाव हाये, तथच्या मासेवाल्यायत तिचा शब्द चालते. त्याहीले तिकडं बेस्त म्हणतात, धंदा आपलाच. मराठी बोलते, पण मधामधात तेलगू टाकते, आन चिडली का नुसतं तेलगू.

मी म्हणलं, बाई, या रेतीत आमाले एक तुकडा द्या, आमची रेती तुमच्याकडं आली. ते म्हणे, "तुमची? नाव लिहिलं होतं का तिच्यावर?" मी म्हणलं, दरसाली आमी तिच्यावर वाडी करत होतो. ते म्हणे, "मंग जवा रेती तुमच्याकडं होती तवा आमाले देल्ली काय? आमच्या काठाले रेती नव्हती, नुसती कपार होती, आमचे पोरं निजामाबादले गेले, तवा तुमी कोणी विचारलं काय?"

खरंच नव्हतं विचारलं. पण मी गप बसली असं समजू नको.

लय बोलाचाली झाली. शेवटी ते म्हणे, आमच्याकडं एकच नेम हाये. ज्याची चूल रेतीवर, त्याची वाडी. जो सकाळ-संध्याकाळ इथं रांधन, इथं निजन, त्याले जागा. मंग तो बेस्त असो का भोई. दिवसा यायचं आन रातीले आपल्या घरी जायचं, असल्याले इथं जागा नाही, कारण नदीले पाणी आलं तं तो कोणाच्या मदतीले येत नाही.

म्हणजे मी घर सोडून तिच्या गावाले राहाव! मी म्हणलं, ठेव तुही रेती तुह्यापाशी, आन डोंग्यात येऊन बसली.

तुले आता तेलगू येत असन. "तुह्या रेतीले आग लागो" हे तेलगूत कसं म्हणतात ते लिहून पाठव. कामात पडन.

तुही वयनी

सिरपेल्लीच्या रेतीवरून
२८ नोव्हेंबर २०२५

रामधन,

वरचा पत्ता पाहून हसू नको. हे गाव सोडणं नाही, आंधीच सांगून ठेवते. गाव सोडणं म्हणजे मांगं वळून पाह्यलं तं गाव दिसलं नाही पायजे. मले इथून आपल्या घराचे टिनं दिसतात. शेजारच्या इंदूबाईनं आंगणात वाळू घातलेलं लुगडंही दिसते. चाबी तिच्याचपाशी हाये.

झालं असं का तुह्ये दादा एका सकाळी काही न बोलता घरातली चूल उचलून डोंग्यात ठेवाले लागले. मी म्हणलं, हे काय? ते म्हणे, "हैदराबादले गॅस हाये, चूल न्यावी लागत नाही. चूल जिथं चालते तिथं जाऊन पाहू एकदा." तीस साल झाले लग्नाले, यवढं लंबं वाक्य मी त्याहीच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मंग मी काय करू? बसली डोंग्यात. मातीची चूल, ओली झाली तं फुटन, म्हणून पूर्ण नदी मी ते मांडीवर घेऊन बसली.

कापसाच्या पराट्यायची खोपडी बांधली. वारा येते भल्ला, पण झोप लागते. पोसव्वा पह्यल्या दिवशी आली, चुलीत जाळ हाये का ते वाकून पाह्यलं आन गेली. दुसऱ्या दिवशी आली आन पाह्यलं. तिसऱ्या दिवशी लोणचं घेऊन आली. अरे बाप्पा, काय तिखट! तुह्या दादाच्या डोळ्याले धारा लागल्या, तरी ते अजून मांगतच होते.

समीक्षानं फोनवर मले "अक्का, बागुन्नारा" म्हणाले शिकवलं. ताई, बऱ्या हाये ना, असा अर्थ होते म्हणे. मी विचारलं, तुले कोणं सांगतलं मले शिकवाले? ते म्हणे, "यांनीच." म्हणजे तू पत्रं वाचून राह्यला. वाच बापा, पण मी मांगतलेलं वाक्य ते नव्हतं.

आमाले जागा भेटली. पोसव्वानं काठापाशी दोन खुंट्या ठोकल्या आन म्हणे, या दोन खुंट्यायच्या मधातलं तुमचं. बाकीचे सारे लोकं कापूस वेचाले गेले हायेत, ते पंधरा दिवसानं उतरतीन रेतीत. आमी थांबलो नाही. चर खोदून राह्यलो, काठापासून थेट पाण्यापर्यंत. कंबर गेली माह्यी. चरात शेणखत भरलं, वाऱ्याच्या बाजूनं तुराट्यायचे कुड लावले. बी भिजत घातलं. उगवन का नाही मले मालूम नाही.

त्या अपार्टमेंटवाल्या सायबाले म्हण, जरा थांब. नाही म्हणू नको. थांब म्हण.

तुही वयनी

सिरपेल्लीच्या रेतीवरून
१४ डिसेंबर २०२५

रामधन,

सारा घोटाळा झाला.

आपल्याकडं वाडी कशी वाटतात? उभी. काठापासून पाण्यापर्यंत एक पट्टा, म्हणजे प्रत्येकाले वरची रेतीही भेटते आन खालचं पाणीही भेटते. माह्या जन्मात मी दुसरं काही पाह्यलं नाही. मले वाटलं साऱ्या दुनियेत असंच असते. कोणाले विचाराव असं मनातही आलं नाही. भाकर कोणत्या हातानं खाता, असं कोणी विचारते का?

इथं आडवी वाटतात! नदीच्या सोबत सोबत. पह्यला पट्टा पाण्याच्या कडेले, दुसरा त्याच्यावर, तिसरा काठाच्या बुडाशी. पाण्याच्या कडेचा चांगला, घागर वाहाव लागत नाही. काठाचा सगळ्यायत भिकार. आमाले तोच देल्ला होता, वरचा तुकडा, दोन खुंट्यायमधला. तेवढाच! आन आमी दोघं खुळे खुंट्यायच्या मधातून सरळ खाली पाण्यापर्यंत खोदत गेलो. दुसऱ्या दोघायच्या वाड्यायमधून.

लोकं काल कापसाहून आले आन रेतीत उतरले. लिंगन्ना म्हणून एक हाये, पाण्याच्या कडेचा पट्टा त्याले निघाला, कित्येक सालानंतर पह्यल्यांदा. त्याच्या पट्ट्यात आमचे चर, आमचं खत, आमचे कुड, आन वरून आमच्या डांगराचे कोंब. हो, बी उगवलं रामधन. सारं नाही, पण अर्ध्याच्या वर उगवलं. आन ते सारे चांगले कोंब त्याच्याच पट्ट्यात, कारण ओल तिथं होती.

लिंगन्ना जे ओरडला! मले तेलगू येत नाही, पण शिव्या साऱ्या समजल्या. "महाराष्ट्रवाले असेच, बोट देल्लं का हात धरतात." मीही देल्ल्या. तुह्ये दादा मधात उभे, हात जोडून. त्याहीले तसं पाहून मले जे वाटलं ते लिहित नाही.

पोसव्वाही आमच्या बाजूनं बोलली नाही. ते म्हणे, "अक्का, माह्या शब्दावर तुले जागा देल्ली. आता मी खाली पाहाव काय?" अमावस्येले त्याहीची बैठक हाये. लोकायचं म्हणणं, यायची चूल उचलू द्या. मंग जे आमी पेरलं ते ज्याच्या पट्ट्यात त्याचं.

घरी परत जाऊन काय करू? गाळ चाटू? तू मले म्हणला होता, वयनी, नदी राह्यली नाही आता, नुसतं पाणी येते आन जाते. तवा मले तुह्या तोंडात मारावसं वाटलं होतं. काल राहून राहून तेच आठवलं.

ते खोली ठेव आमच्यासाठी. दादाले निळा ड्रेस घालाव लागते का? त्याहीचा खांदा रुंद हाये, सांगून ठेव. मी भांडे-झाडझूड करन. बी मी इंदूबाईले देऊन टाकते, ते काय करन ते करो.

आशीर्वाद घे. निकिताले पापा.

विमल

सिरपेल्लीच्या रेतीवरून
२४ डिसेंबर २०२५

रामधन,

आंधी हे वाच: खोली कोणाले दुसऱ्याले दे. मंग बाकीचं वाच.

अमावस्येच्या आंधी दोन दिवस आभाळ भरलं. डिसेंबरात! वर कुठंतरी गारा पडल्या, धरणाचं पाणी सोडलं म्हणे. सकाळी मी चूल पेटवत होती, पाह्यलं तं पाण्याचा रंग बदललेला. आपल्याले कळते ना ते, लहानपणापासून. मी ओरडली. अख्ख्या रेतीवर माह्याएवढा आवाज नव्हता त्या दिवशी, पोसव्वाचाही नव्हता. लोकं वर पळाले. लिंगन्नाची म्हातारी माय पाण्याच्या कडेले झोपडीत होती, तिले तुह्या दादानं पाठीवर घेतलं आन काठावर आणलं. तिची कोंबडीही आणली, कारण म्हातारी कोंबडीशिवाय येईना.

पाणी चढलं, दुपारपर्यंत राह्यलं आन उतरलं. मोठा पूर नव्हता. पण पाण्याच्या कडेचा पट्टा पूर्ण खरवडला. लिंगन्नाचं काहीच राह्यलं नाही. त्याच्या ओळीतल्या साऱ्यायचं तसंच. एवढ्या सालानंतर चांगला पट्टा निघाला होता त्याले. तो रेतीत उकिडवा बसून राह्यला, मांगच्या साली तू बसला होता तसाच. मी त्याच्यापाशी जाऊन बसली. भांडण एकीकडं, पण अशा वेळी माणसाले एकटं सोडत नाहीत.

आमचं काय झालं म्हणशीन. आमचे चर उभे. खालचा भाग गेला, वरचा राह्यला. चांगले कोंब गेले, मरतुकडे राह्यले, पण राह्यले.

मंग बैठक झाली. मी ठरवूनच गेलती का तोंड उघडायचं नाही. चूल उचला म्हणले तं उचलाची. पण पोसव्वा मले म्हणे, "अक्का, तुमच्याकडं पाणी आलं का काय होते?" मी म्हणलं, आमच्याकडं साऱ्यायचाच एकेक घास जाते बाई. पूर्ण ताट कोणाचंच जात नाही. बस, यवढंच बोलली. तुही शप्पत.

त्यावर जो कल्ला झाला! पोट्टे म्हणाले, अक्का बरोबर बोलते, आता पाणी कवाही येते, पह्यल्यासारखं राह्यलं नाही, पट्टे उभे करा. पण ज्याहीचे वरचे पट्टे वाचले ते काहून मानतीन? ते म्हणाले, चांगला पट्टा आला तवा लिंगन्ना आमाले देत होता काय? आमचं वाचलं ते आमचं. त्याहीचंही खोटं नव्हतं रामधन. मी त्याहीच्या जागी असती तं मीही तेच म्हणली असती, आन जोरानं म्हणली असती.

तवा पोसव्वा उठली. औंदा तिचा स्वतःचा पट्टा सगळ्यायत वरचा, पूर्ण वाचलेला, आन कापसाले गेली नव्हती म्हणून आंधीच टोबलेल्या टरबुजाले दोन दोन पानं फुटलेले. रेतीत उतरली आन आपल्या हातानं आपल्या खुंट्या उपटल्या. एकामांगून एक. तिचा मोठा पोरगा "अम्मा, अम्मा" करत मांगं पळे, तिनं त्याच्या हातात उपटलेल्या खुंट्या देल्ल्या आन म्हणे, धर. मंग त्या घेऊन ते काठापाशी आली आन पह्यली खुंटी उभ्या रेघेवर ठोकली.

मंग एक जण उतरला, मंग दुसरा. लिंगन्नानं दोर धरला, दुसरं टोक तुह्या दादानं. दिवस बुडेपर्यंत सारी रेती उभी वाटून झाली.

आता खरं सांगाची गोष्ट. वाटता वाटता पोसव्वानं मले विचारलं, "तुमचे घरं किती?" म्हणजे किती पट्टे मोजू. सारे माह्याकडं पाहून राह्यले. आन मी म्हणलं, दोन.

तुले विचारलं नाही. तोंडातून निघून गेलं. आन निघालं ते बरं झालं, मी काही परत घेतलं नाही. आमच्या बाजूचा पट्टा तुह्या नावानं हाये. पण नेम तोच, चूल पायजे. शिवरात्रीपर्यंत तिथं तुह्यी चूल नसली तं पट्टा दुसऱ्याले जाईन, आन ते बरोबरच हाये. निजामाबादहून त्याहीचे दोन पोरं परत याचं म्हणून राह्यले, त्याहीलेही जागा लागनच.

तुले मी म्हणलतं का, या घाटावर पुन्हा पाय ठेवू नको. आता तू म्हणशीन, वयनी, तुले तं आठवत नव्हतं. आठवते सारं. पण ते कोसारघाटच्या घाटावर म्हणलं होतं. इथं ते लागू होत नाही.

तुही वयनी

सिरपेल्लीच्या रेतीवरून
६ फेब्रुवारी २०२६

रामधन,

तुह्यं पत्र आलं. पत्र कायचं, कार्डावर दोन शब्द: "येऊ का?" पोस्टमननं वाचलं, मले देता देता तुह्या दादाले वाचून दाखवलं, पोसव्वानं तिच्या सुनेकडून वाचून घेतलं. अख्ख्या सिरपेल्लीले मालूम झालं का तू येऊ का म्हणून विचारून राह्यला. आता दिसन तो मले विचारते, "अक्का, दीर येते?"

घरी येताना "येऊ का" असं विचारतात काय बे? हैदराबादेत हेच शिकला काय?

पण विचारलं तं नीट उत्तर देते. मी तुले खोटी आशा लावत नाही. पाणी पुन्हा येऊ शकते. पुढच्या साली ही रेती इथंच राहीन असं मले कोणी लिहून देल्लं नाही. अजून खाली सरकन, कदाचित परत आपल्या काठाले येईन. आली तं पोसव्वाले आपल्याकडं जागा द्याव लागन, तसा शब्द मी देऊन बसली. ते म्हणे, "तवा खुंट्या मी ठोकीन." ठोक म्हणलं. रेती जिकडं जाईन तिकडं जाऊ, दोन्ही काठचे मिळून. मले पह्यले वाटे का माणसानं एका जागी राहाव. आता वाटते, माणसायच्या सोबत राहाव, जागा दोन-चार इकडं तिकडं झाली तं चालते.

तुही नोकरी सोड असं मी म्हणत नाही. निकिताची शाळा हाये, ते मोडू नको. शिवरात्रीपासून मिरगापर्यंत ये, नाहीतं तू ये आन समीक्षा-निकिता सुट्टीत येवोत. तुमचं तुमी पाहा. कोणी वाडीवर, कोणी शहरात, असं लोकं करून राह्यले. लिंगन्नाचा भाऊ तसंच करते.

वाडीचं सांगते. तुह्या पट्ट्यात मी बी टोबलं, साऱ्यायले वाटून उरलेलं. तुह्ये दादा आंधी तुह्या पट्ट्याले पाणी घालतात आन मंग आपल्याले. परिणाम काय तं तुह्ये वेल आमच्यापेक्षा हातभर पुढं हायेत. फुलं आले. काल पाह्यलं, दोन जागी फुलाच्या मांगं बोराएवढी गाठ धरली हाये. मले रागही येते आन बरंही वाटते. तुह्या मायचं डांगर आता पोसव्वाच्याही वाडीत हाये, लिंगन्नाच्याही हाये. बी एका डब्यात राहून मेलं असतं, ते आता दहा घरी गेलं.

तुह्यी चूल मी मांडून ठेवली हाये. पण खोटा जाळ करणार नाही, पोसव्वा वाकून पाहाते. तिच्यात जाळ तूच केला पायजे.

आता यायचं कसं ते नीट वाच. सवयीनं तू वणीवरून येशीन, मुकुटबनले उतरशीन, घाटावर जाशीन आन डोंग्यासाठी हाका मारत बसशीन. तसं करू नको, डोंगा इकडं असते. हैदराबादहून आदिलाबादची गाडी धर. आदिलाबादहून सिरपेल्लीच्या फाट्यापर्यंत जीप भेटते. फाट्यावर कोणालेही विचार, विमलक्का कुठं राहाते. लेकरू सांगन. तथून पायवाट सरळ रेतीत उतरते, माह्या खोपडीपाशी.

मी काल हे सारं तुह्या दादाले सांगत होती, का असा येईन, तसा येईन, मंग नदी ओलांडन. ते चुलीपाशी बसले होते. ते म्हणे, "विमल, नदी कायले ओलांडन तो? हैदराबाद या बाजूनं हाये."

तू गेला तवापासून मी रोज नदीच्या पल्याड पाहून तुह्या नावानं बोटं मोडे. आता इथं बसून राह्यली तं तू याच काठावर हाये, आन मधात नुसता रस्ता हाये.

ये बापा.

तुही वयनी,
विमल